मालनबाईंचं मागचं दार

माझी उभी हयात एस.टी.त कंडक्टर म्हणून गेली. त्यामुळे विचारल्यावर माणूस गप्प राहिला की माझं डोकं फिरतं. तिकीट विचारलं की गाव सांगावं, दार वाजलं की उघडावं, एवढी साधी गोष्ट. म्हणून मालनबाई खिल्लारे वसमतच्या आमच्या घरात, खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं आल्या, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी त्यांच्यावर तापलो होतो.

झालं असं, की नळाला पाणी आलेलं आणि मोटारीचं बटण त्यांच्या खोलीत. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आलं की सगळी गल्ली पळत सुटते. मी खाली उतरून कडी वाजवली. आत त्यांचं शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. मी पुन्हा वाजवली. आत कुणी जागचं हललंसुद्धा नाही, पंखा तेवढा घरघरत होता. मी दारावर थापा मारल्या, दोन शिव्याही तोंडाशी आल्या. शेवटी भागाबाई, म्हणजे आमची मंडळी, वरून ओरडली, "मालनबाई, मोटार चालू करा वो," आणि दार लगेच उघडलं. मालनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ओठ सुकले होते. मला बघून त्या म्हणाल्या, "तुमी व्हय भाऊ." एवढंच बोलून त्या बटणाकडे गेल्या.

वर आल्यावर मी म्हणालो, हे बिऱ्हाड काही सरळ दिसत नाही. भागाबाई म्हणाली, "तुमाला काय करायचंय? आवाज द्यायचा, कडी वाजवायची न्हाई." तिला काहीतरी कळलेलं होतं, पण मला सांगण्याइतका विश्वास तिचा माझ्यावर नव्हता. माझं तोंड मोकळं आहे, हे तिचं जुनं म्हणणं.

पुढं सगळ्या गल्लीनं तो नियम पाळला. ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायका कोपऱ्यावरूनच हाळी द्यायच्या, "मालनबाई, मी हाय वो," आणि दार उघडायचं. ज्याला हा नियम माहीत नाही, तो कडी वाजवून परत जायचा. गॅसवाला दोनदा परत गेला, मग सिलिंडर आमच्या जिन्यात ठेवायला लागला. मी मालनबाईंना म्हणायचो, "सिलिंडरचं येगळं भाडं लागंल बरं का." त्या कसनुशा हसायच्या. मी मात्र वर बसल्या बसल्या मशीनच्या आवाजावरून ओळखायला शिकलो. मशीन मध्येच, टाका अर्धा सोडून थांबलं, की खाली कुणीतरी परका आला आहे आणि आत एक बाई श्वास धरून बसली आहे.

त्यांचे मालक अमृतराव गवंडीकाम करायचे. उंच, हाडापेराचा माणूस, पण चालायचे भिंतीच्या कडेनं. सकाळी मागच्या दारानं निघायचे, संध्याकाळी मागच्याच दारानं यायचे. अनोळखी नंबरचा फोन वाजला की मोबाइल उशीखाली सारायचे. एकुलती लेक साक्षी तेव्हा शाळेत होती. ती तेवढी पुढच्या दारानं धाडधाड यायची आणि मला "मामा" म्हणायची.

खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. साक्षीला नर्सिंगला नंबर लागला त्या दिवशी अमृतरावांनी पेढे आणले, माझ्याजवळ ओट्यावर बसले आणि आपणहून बोलले. पेढा हातात तसाच धरून बोलले.

त्यांचं स्वतःचं घर आधी जवळा बाजार या गावी होतं, आठवडी बाजाराच्या रस्त्यालाच. दिवसभर लोकांच्या भिंती उभ्या करायच्या आणि उजेड असेपर्यंत स्वतःच्या. मालनबाईंनी साक्षीला पाठीला बांधून त्या भिंतींना पाणी मारलं. बँकेचं कर्ज होतं, हप्ते जात होते. मग अमृतरावांनी शाळेच्या खोल्यांचं काम ठेक्यानं घेतलं. काम झालं, बिल अडकलं आणि हप्ते थकले. बँकेची माणसं येऊन दार वाजवायला लागली. आधी यांनी उघडलं, हात जोडले, मुदत मागितली. मग उघडायची लाज वाटायला लागली. मग अमृतरावांना एक युक्ती सुचली. त्यांनी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि संसार मागच्या दारानं चालू ठेवला. बँकेचा माणूस यायचा, कुलूप बघायचा आणि निघून जायचा.

"मला वाटलं, लई हुशारी केली," अमृतराव म्हणाले.

घरात सगळं हळू झालं. मालनबाईंनी कुकर लावणं सोडलं, कारण शिट्टी बाहेर जाते. साक्षी मोठ्यानं पाढे म्हणायची, ते ओठातल्या ओठात म्हणायला लागली. पुढच्या बाजूला कुणी फिरकायचंच नाही, अगदी अंगण झाडायलासुद्धा नाही. आणि त्याच दारावर एक दिवस बँकेनं नोटीस चिकटवली. अमुक तारखेच्या आत थकबाकी भरा, नाहीतर ताबा घेऊ. ती नोटीस सगळ्या बाजारानं वाचली. भाजीवाल्यांनी वाचली, शाळेतल्या पोरांनी वाचली. वाचली नाही ती फक्त घरातल्या माणसांनी, कारण ती मागच्या दारानं जात-येत होती. शेजाऱ्यांना वाटलं, यांना माहीत असणारच, कशाला तोंडावर बोलून दुखवायचं. चांगल्या माणसांनी चांगुलपणानं तोंड बंद ठेवलं. इकडे अडकलेलं बिल निघालं आणि पैसे घरात आले. थकबाकी भरता आली असती. पण बरेच दिवस कुणी दार वाजवायला आलं नव्हतं, तेव्हा अमृतरावांनी अंदाज बांधला की बँक थांबली आहे. त्यांनी ते पैसे मजुरांच्या थकलेल्या मजुरीत देऊन टाकले.

बाजाराच्या दिवशी जीप आली. बँकेचे साहेब, पोलीस, तलाठी. बंद घर समजून त्यांनी पहारीनं कुलूप तोडलं. आत तिघं भाकरी खायला बसलेले. मालनबाईंचा हात साक्षीच्या तोंडावर घट्ट दाबलेला, लेकराचे डोळे बाहेर यायला झालेले. साहेबच दचकला. "तुम्ही आत होता?" असं त्यानं विचारलं, आणि दारात जमलेला बाजार हसला. सामान रस्त्यावर आलं. मालनबाई बाहेर आल्या, मागं वळल्या, आणि उन्हानं पिवळा पडलेला तो कागद तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

हे ऐकल्यावर मी कडी कधी वाजवली नाही. आमचा बाप मेंढरं राखायचा, आमच्या घराला कित्येक वर्षं दारच नव्हतं, नुसती ताटी होती. दाराची अशी भीती बसते हे मला माहीत नव्हतं.

साक्षी शिकली, सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स झाली. पगार सुरू झाला तसं तिच्या डोक्यात घर आलं. कुरुंद्याच्या रस्त्याला नवीन प्लॉटिंग पडलं आहे, तिथं एकानं दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधून विकायला काढलं होतं. तिनं आई-बापाला नेऊन दाखवलं. त्यांना घरही धड पाहू दिलं नाही, परत येताना रिक्षातच विचारलं, घ्यायचं का. मालनबाई आमच्या ओट्यावर उतरल्या तेव्हा त्यांना घाम फुटलेला होता.

"आई, किती दिवस दुसऱ्याच्या घरात राहायचं?" साक्षी म्हणाली.

"दुसऱ्याच्या घरातून लई तर मालक काढतो, बाई. आपल्या घरातून काढतात तवा आख्खा बाजार बघतो."

"मी तर भाडं थकलं की उद्याच काढीन," मी मध्ये तोंड घातलं. भागाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वर निघून गेलो.

साक्षी मात्र हटली नाही. आता कर्ज माझ्या नावावर, पगारातून हप्ता परस्पर कापला जाईल, आपल्याला कुणापुढं जायचं नाही, असं तिनं आईला रोज समजावलं. पण स्वस्त व्याजाच्या योजनेसाठी घर बाईच्या नावावर पाहिजे होतं, आणि साक्षीचा हट्ट होता की ते नाव आईचंच लागलं पाहिजे. मालनबाई म्हणायच्या, नाव लागलं की नोटीसपण त्याच नावाची येते. तरी एक दिवस त्यांनी घराच्या आणि कर्जाच्या कागदांवर सह्या केल्या. सही करून आल्या आणि दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. गल्लीतल्या एका नवरीचा ब्लाउज त्यांनी उलट्या बाजूनं शिवला, असं कधी झालं नव्हतं.

या बँकेची रीत अशी, की कर्ज मागणारी माणसं सांगितलेल्या पत्त्यावर खरंच राहतात का, हे बघायला माणूस न कळवता येतो. तो आला. आम्ही दोघं नात्यातल्या लग्नाला गेलो होतो. त्यानं कडी वाजवली, 'बँकेतून आलोय' असं सांगितलं आणि परत गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी गच्चीवर हळद वाळत घालत होतो. खाली मशीन थांबलं. मला कळलं, पण मी गच्चीवरून जिना उतरून खाली येईपर्यंत मोटारसायकल कोपऱ्यावर वळली होती.

संध्याकाळी साक्षीला बँकेतून फोन आला. पत्त्यावर कुणी राहत नाही असा शेरा पडला होता. आणखी एकदा माणूस येईल, तेव्हाही घर बंद सापडलं तर फाइल परत. इकडे ते घर विकणाऱ्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं, आणि साक्षीनं दिलेला बयाणा बुडणार होता. मुख्य म्हणजे, त्या भावात तसं घर वसमतात पुन्हा मिळणार नव्हतं.

"आई, काहून न्हाई उघडलं?" साक्षीचा आवाज आमच्यापर्यंत वर आला. "तो काय घ्यायला आला नव्हता, द्यायला आला होता."

"मला ठावं हाय."

"मंग?"

"हात उठंना, साक्षी. कडीपर्यंत जातो आन् तितंच राहतो. लई वंगाळ वाटतं गं, पर राहतो."

मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो, हे सांगायला हरकत नाही. मला त्या बाईचा राग आला, खरंच आला. लेकीनं रात्रपाळ्या करून उभं केलेलं घर, आणि ही नुसती कडी काढायची तर काढत नाही. आणि लगेच भीतीही वाटली, की ही पुन्हा आत बसून राहिली तर यांचं दुसरं घरही त्याच पायी जाईल.

दुसऱ्या दिवशी साक्षी माझ्याकडे आली. तिला सुट्टी मिळत नव्हती, अमृतराव कुरुंद्याला स्लॅबच्या कामावर होते. ती म्हणाली, "मामा, तुमी ओट्यावर बसून राहा. तो आला की आईला फकस्त आवाज द्या. तुमच्या आवाजाला ती दार उघडते."

"देतो की," मी म्हणालो. मला ते अगदी सोपं वाटलं.

तो आला तेव्हा ऊन वर आलं होतं. मोटारसायकल लावली, पाठीवरची बॅग पुढं घेतली, पत्ता विचारला. साक्षीच्याच वयाचा पोरगा. मी उठलो. आत मशीन थांबलं होतं. मी दाराशी गेलो, तोंड उघडलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की साक्षीनं मला काय करायला सांगितलंय. मी नुसतं "मालनबाई, मी हाय" म्हणालो असतो, तर दार उघडलं असतं, आणि समोर बँकेचा माणूस दिसला असता. मग या गल्लीतल्या एकाही आवाजावर त्या बाईनं पुन्हा भरवसा ठेवला नसता. तेवढा एकच तर आधार होता तिला. कंडक्टर म्हणून मी हजारदा खोटं बोललोय, पुढच्या थांब्यावर जागा होईल म्हणून. पण तिथं जीभ वळेना.

"मालनबाई," मी म्हणालो, "मी रामकिशन. माझ्याजवळ बँकेचे साहेब उभे हायत. साक्षीच्या घरासाठी आलेत. तुमाला फसवून दार उघडायला लावणार न्हाई. उघडायचं का न्हाई, ते तुमी बघा."

पंखा घरघरत होता. मला कडीचा बारीक आवाज आला, म्हणजे हात कडीवर आला होता. कडी खुळखुळली आणि थांबली. पुन्हा खुळखुळली. तो पोरगा माझ्याकडे बघायला लागला.

"काका, आत आहे ना कुणी?"

"हाय. थांबा जरा."

"मला अजून चार ठिकाणी जायचंय."

तेवढ्यात मागच्या दाराचा अडसर सरकल्याचा आवाज आला. बाई मागच्या दारानं निघाली. आता बोळातून कुठं तरी जाऊन बसेल, नाहीतर अमृतरावांकडे कुरुंद्याला चालत सुटेल. मी घरमालक आहे, मी लिहून देतो, असं मी त्या पोराला सांगायला लागलो. तो म्हणाला, "तुमचं खरं असेल काका, पण माणूस दिसल्याशिवाय मला लिहिता येत नाही." त्यानं बॅगेची चेन ओढली.

आणि पाण्याच्या टाकीच्या बाजूनं मालनबाई आल्या. अनवाणी, गळ्यात मापाची टेप, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. एक हात भिंतीला लावून, भिंतीच्या आधारानं, आंधळं माणूस चालतं तशा. घराला अर्धा वळसा घालून त्या आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मी मालनबाई अमृतराव खिल्लारे," त्या म्हणाल्या. इतकं हळू, की पोरानं पुन्हा विचारलं आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.

"दार का नाही उघडलंत, मावशी?"

"उघडता न्हाई आलं. म्हणून मागून आले."

त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं आधार कार्ड मागितलं, ते त्या मुठीत घेऊनच आल्या होत्या, घामानं ओलं झालेलं. तो एकेक विचारत गेला, त्या सांगत गेल्या. मग तो म्हणाला, "याआधी कुठं कर्ज होतं का घरात?" मी डोळ्यानं खुणावलं, की नाही म्हणा. बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"व्हय. जवळा बाजारला. घर गेलं आमचं. तुमच्यासारखेच साहेब आले होते. तवा आमी आतच होतो."

झालं, मी मनात म्हणालो, बुडालं. पोरगा लिहिता लिहिता थांबला. "ते आहे फाइलमध्ये, मावशी. तुमच्या लेकीनं सांगितलेलं आहे सगळं." आणि त्यानं त्यांना बंद दारासमोर उभं करून फोटो काढला. तो गेल्यावर मालनबाई ओट्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी काय करणार. भागाबाईला हाक मारली आणि पाणी आणायला सांगितलं.

कर्ज मंजूर झालं, खरेदी झाली, चावी साक्षीच्या हातात आली. राहायला जायच्या आदल्या रविवारी आम्हीही घर बघायला गेलो. नव्या चुन्याचा वास, कोरी फरशी. साक्षीनं आईच्या हातानं दार उघडून घेतलं. मालनबाई या खोलीतून त्या खोलीत गेल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथून त्यांचा आवाज आला.

"मागचं दार कुठंय?"

मागचं दार नव्हतं. बांधणाऱ्यानं पैसे वाचवले होते. स्वयंपाकघराच्या मागं चार हात मोकळी जागा होती, पण मध्ये कोरी भिंत. घेताना कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. अमृतरावांच्यासुद्धा, त्यांनीही त्या दिवशी घर भीतभीतच पाहिलं होतं. मालनबाई बाहेर येऊन पायरीवर बसल्या.

"मी इतं राहायला येणार न्हाई."

"आई, मागचं दार कशाला पायजे? आता आपल्याला लपायचं न्हाई," साक्षी म्हणाली. "मी एवढं सगळं केलं."

"लपायला न्हाई गं लेकरा. पुढं कोणी उभं असलं तर मी दार उघडणार न्हाई. तुला ठावं हाय, मला ठावं हाय. मंग मी बघायला कुठून जाऊ? पुन्हा आतच बसंन."

अमृतराव उठले. आमच्या गावातला सगळ्यात गप्प माणूस, त्यांनी सायकलला लावलेली पिशवी सोडली, छन्नी-हातोडा काढला आणि स्वयंपाकघरात गेले. पहिल्या घावाला गिलावा खाली आला, साक्षी धावली.

"बाबा, घर नवीन हाय. बँकेला इचारावं लागंल."

"नाव तुझ्या आईचं हाय ना?" अमृतराव म्हणाले.

"व्हय."

"मंग तिला इचारलंय."

आणि त्यांनी दुसरा घाव घातला. मी त्या माणसाला इतकी वर्षं भिंतीच्या कडेनं चालताना पाहिलं होतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भिंतीतून माणूस जाईल एवढं भगदाड पडलं, आणि पुढच्या रविवारी त्याला चौकट बसली. मग बुद्धवंदना झाली, खीर झाली, आम्ही दोघं जेवून आलो.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. आजही मी कुरुंद्याच्या रस्त्याला गेलो की कोपऱ्यावरूनच आवाज देतो. परवा एस.टी. चुकली म्हणून सकाळी लवकर तिकडून चाललो होतो, आवाज द्यायच्या आतच मला मालनबाई दिसल्या. मागच्या दारानं बाहेर आल्या, घराला वळसा घालून पुढं आल्या आणि आपल्याच बंद दारासमोर उभ्या राहिल्या. वरून खालपर्यंत दार नीट पाहिलं, चौकटीवरून हात फिरवला, उंबऱ्याशी वाकून पाहिलं. दारावर काही नव्हतं. साक्षी मला नंतर म्हणाली की आई हे रोजच करते. रोज दार बाहेरून बघून येते, आणि मगच चहा ठेवते.